घरचे जनावर अडखळू लागले तर…

शहापूर किंवा मुरबाड तालुक्यातल्या कोणत्याही गावात जा. ज्या घरी एकही जनावर नाही असे घर शोधावे लागेल. कुठे ओटीवर कुत्रा, कुठे चुलीपाशी मांजर, गोठ्यात गाय नाहीतर शेळ्या, अंगणात कोंबड्या. अशा घरातले एखादे जनावर एके दिवशी वेगळेच वागू लागते. कुत्र्याचे मागचे पाय लटपटतात. मांजर मान तिरपी करून एकाच दिशेने गोल फिरते. कालच व्यायलेली गाय बसते ती उठतच नाही. अंगावर जखम नाही, पाय मोडलेला नाही. मग शेजारीपाजारी जमतात. कुणी म्हणतो लकवा झाला, कुणी म्हणतो नजर लागली, तर कुणी सळई तापवून डाग द्यायला निघतो.

‘लकवा’ हे त्या दिसणाऱ्या गोष्टीचे नाव झाले. ते कारण नव्हे. बॅटरी पेटत नाही असे म्हटल्याने ती का पेटत नाही ते कळत नाही. सेल संपला असेल, तार तुटली असेल, बटण गंजले असेल किंवा दिवा जळाला असेल. चारही प्रकारांत बाहेरून दिसतो तो अंधारच! जनावराचेही तसेच आहे. पाय लटपटतो, पण बिघाड पायात असेलच असे नाही. तेव्हा कारण कसे शोधतात आणि ते सापडेपर्यंत त्या मुक्या जीवाची काळजी कशी घ्यायची, हे आज आपण पाहू.

सर्वांत आधी आपला हात

कोणताही प्रयोग करण्यापूर्वी सुरक्षिततेचा नियम पाळायचा असतो. इथला नियम असा : जनावर विचित्र वागू लागले, की प्रथम रेबीजची शंका घ्यायची.

पिसाळलेला कुत्रा म्हटले, की दिसेल त्याला चावत सुटलेला कुत्रा आपल्या डोळ्यांसमोर येतो. पण रेबीजचा एक मुका प्रकारही आहे. त्यात कुत्रा शांत होतो, अंधारात जाऊन बसतो. त्याचा खालचा जबडा लोंबतो, लाळ गळते, घास गिळता येत नाही आणि आवाज बदलतो. घरच्यांना वाटते की घशात हाड अडकले, आणि ते तोंडात हात घालतात. गाय-बैलांनाही हा रोग होतो. लाळ गाळणाऱ्या, वेगळ्याच आवाजात हंबरणाऱ्या गाईच्या तोंडात हात घालणे तितकेच धोक्याचे असते. रोगाचे विषाणू लाळेत असतात आणि आपल्या बोटावरची बारीकशी जखमही त्यांना आत शिरायला पुरते.

असे जनावर चावले, त्याचे नख लागले किंवा त्याची लाळ जखमेवर पडली, तर काय करायचे? ती जागा साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवायची, घड्याळ लावून! रेबीजच्या विषाणूभोवती चरबीयुक्त वेष्टन असते. तेलकट ताट साबणाने निघते, त्याच कारणाने हे वेष्टनही साबणाने फुटते. हळद, चुना, तिखट यांनी ते काम होत नाही. जखम धुतली की त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठायचा.

दवाखान्यात लगेच का जायचे, हेही समजून घ्या. हा विषाणू मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूकडे सावकाश सरकतो. त्या प्रवासाला बहुधा काही आठवडे ते काही महिने लागतात. लस त्याच्या आधी आपल्या शरीरात संरक्षण उभे करते. एकदा लक्षणे दिसू लागली, की मात्र माणूस वाचणे जवळजवळ अशक्यच असते. फ्रान्समध्ये ६ जुलै १८८५ रोजी लुई पाश्चर यांनी जोसेफ माइस्टर या ९ वर्षांच्या मुलाला लस टोचण्यास सुरुवात केली आणि तो वाचला. ही शर्यत तेव्हापासून माणसाला जिंकता येऊ लागली. तुमच्या आजोबांना पोटात घ्यावी लागणारी १४ इंजेक्शने आठवत असतील. मज्जापेशींपासून बनवलेली ती जुनी लस भारतात २००४ साली बंद झाली. आताची लस दंडावर देतात आणि मात्राही थोड्या असतात. तेव्हा भिऊन घरी बसू नका. जखम खोल असेल, तर लसीबरोबर तयार प्रतिपिंडेही जखमेत टोचावी लागतात. डॉक्टर ते ठरवतात.

चावलेल्या कुत्र्याला १० दिवस बांधून त्याच्यावर नजर ठेवतात, हे तुम्ही ऐकले असेल. चावताना त्याच्या लाळेत विषाणू असतील, तर या मुदतीत तो उघड आजारी पडून मरतो. दहाव्या दिवशी तो धडधाकट असला, तर चाव्यातून रेबीज आला नाही असे म्हणता येते. परंतु हे दहा दिवस कुत्र्याच्या परीक्षेसाठी आहेत. आपली लस तोवर थांबवायची नसते.

सेल, तार आणि पाणसळ

आता कारणांकडे वळू. मज्जासंस्थेत बिघाड कोठे होऊ शकतो, ते आपल्या बॅटरीच्या उदाहरणाने पाहू.

पहिला प्रश्न सेलचा. मेंदूचे इंधन म्हणजे रक्तातील साखर. माणसाचा मेंदू वजनाने शरीराच्या सुमारे २ टक्के असतो, पण शरीराच्या एकूण ऊर्जेचा जवळजवळ पाचवा हिस्सा तो एकटाच वापरतो. साखर घटली की पहिला फटका त्यालाच बसतो. परदेशात फेरेट नावाचा एक लांबट अंगाचा प्राणी घरी पाळतात. तो दिसतो आपल्या मुंगसासारखा, पण कुळाने पाणमांजराचा नातलग आहे. (मुंगूस मात्र पाळू नका, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे.) उतारवयातील फेरेट कधी कधी एकाएकी शून्यात पाहत राहतो, तोंडावर पंजा घासतो आणि त्याचे मागचे पाय लुळे पडतात. पाहणाऱ्याला वाटते, पाठीचा कणा गेला. प्रत्यक्षात पुष्कळदा गाठ असते स्वादुपिंडात! ती जास्त इन्सुलिन सोडते, साखर उतरते आणि पाय लटपटतात. कणा, पाय सारे ठीक. सेल तेवढा उतरलेला. आपल्याकडे जंतांनी पोखरलेल्या, उपाशी राहिलेल्या लहान पिल्लांचीही साखर अशीच उतरते.

गाईची गोष्ट याहून नवलाची आहे. भरपूर दूध देणारी गाय व्यायल्यावर एक-दोन दिवसांत कधी कधी बसकण मारते, मान वळवून कुशीवर टेकते आणि थंडगार पडते. याला दुग्धज्वर म्हणतात, जरी त्यात ताप नसतो. १८९७ साली डेन्मार्कमधील श्मिट या पशुवैद्यांना वाटले, की कासेत काही विष तयार होत असावे. म्हणून त्यांनी कासेत पोटॅशियम आयोडाइडचा द्राव भरला. गाई उठू लागल्या! पुढे असे आढळले, की औषध नको, कासेत नुसती हवा भरली तरी गाय उठते. मग विषाची कल्पना टिकेना. १९२५ च्या सुमारास खरे कारण उमगले. गाईच्या १०० मिलिलिटर रक्तद्रवात साधारण ९ ते १० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. व्यायल्यावर ते एकदम दुधात जाऊ लागते आणि रक्तातले प्रमाण निम्म्यावर येते. कॅल्शियमवाचून स्नायू आणि मज्जातंतू काम करू शकत नाहीत. हवेच्या दाबाने कासेत दूध उतरणे थांबत असे आणि कॅल्शियम रक्तात राहत असे. म्हणजे उपाय लागू पडला, पण त्यामागचा तर्क चुकीचा होता. गुण आला म्हणून कारणही बरोबर असे समजू नये, हा धडा यातून घ्या. आज पशुवैद्य शिरेतून कॅल्शियम देतात आणि पुष्कळदा ते संपता संपता गाय उभी राहते. पण हे औषध फार वेगाने गेले, तर हृदय बंद पडू शकते. म्हणून ते त्यांच्याच हातून द्यायचे.

दुसरा प्रश्न तारेचा. मज्जातंतूतून संदेश किती वेगाने जातो? म्युलर नावाच्या मोठ्या शास्त्रज्ञाचे मत होते, की हा वेग मोजताच येणार नाही. त्यांचेच शिष्य हेल्महोल्ट्झ यांनी १८५० साली बेडकाच्या पायावर प्रयोग करून तो मोजला. तो आला सेकंदाला सुमारे २७ मीटर, म्हणजे ताशी शंभर किलोमीटरने धावणाऱ्या आगगाडीइतका. विजेच्या तारेतील संदेशापुढे हा वेग अगदीच कमी आहे. वेगवान मज्जातंतूंभोवती मायलिन नावाच्या चरबीयुक्त पदार्थाचे वेष्टन असते. डिस्टेंपर या रोगात विषाणू मेंदूत शिरले, की या वेष्टनाची नासधूस होते. संदेश अडखळतात, गळतात, भलतीकडे जातात. मग कुत्र्याचा एखादा स्नायू घड्याळाच्या ठोक्यासारखा सारखा उडतो, जबडा चघळल्यासारखा हलतो किंवा फिट येते.

या रोगाचा अभ्यास ज्या प्राण्यामुळे मार्गी लागला तो पुन्हा फेरेटच. इंग्लंडमध्ये डंकिन आणि लेडलॉ यांनी १९२६ साली डिस्टेंपरवरील आपले संशोधन प्रसिद्ध केले, त्यात फेरेटचा मोठा वाटा होता. त्याच संस्थेत १९३३ साली माणसाच्या इन्फ्लुएन्झाचा विषाणूही फेरेटमुळेच हाती लागला. १९३६ साली तर एक आजारी फेरेट स्टुअर्ट-हॅरिस या संशोधकाच्या तोंडावर शिंकला आणि ते स्वतःच आजारी पडले!

तिसरा प्रश्न तोलाचा. गवंडी भिंत सरळ आहे का ते पाणसळीने पाहतो. प्रत्येक कानाच्या आत आपल्याही तीन पाणसळी असतात : द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकृती नलिका, एकमेकींशी काटकोनात. लांबी, रुंदी आणि उंची अशा तिन्ही दिशांतील फिरणे त्या टिपतात. एका काशाच्या वाटीत पाणी घ्या, त्यावर भाताचे थोडे तूस टाका आणि वाटी पटकन गर्रकन फिरवा. वाटी फिरते, तूस मात्र जागीच राहते. न्यूटनचा पहिला नियम! आता वाटी बराच वेळ फिरवत राहून एकदम थांबवा. वाटी थांबते आणि पाणी फिरतच राहते. फुगडी थांबल्यावर घर फिरते ते याच कारणाने. एका कानात पू झाला किंवा सूज आली, तर त्या बाजूचा संदेश बिघडतो. दुसरा कान खरे सांगतो आणि मेंदू गोंधळतो. मग डोके बहुधा बिघडलेल्या कानाकडे झुकते आणि बुबुळे झटके देत हलतात. म्हाताऱ्या कुत्र्यांत कधी कधी असे एकाएकी, काही कारण न सापडता होते आणि दोन-तीन आठवड्यांत बहुतांशी आपोआप ओसरते. कारण ‘सापडले नाही’ याचा अर्थ ‘कारण नाही’ असा मात्र करू नका.

बाहेरून आलेले विष

आपल्या भागात चौथा प्रश्न विसरून चालत नाही. भाजीच्या मळ्यात फवारलेल्या काही कीटकनाशकांनी मज्जातंतूचा ‘चालू’ हा संदेश बंदच होत नाही. जनावराची लाळ वाहते, बाहुल्या टाचणीएवढ्या होतात, अंग थरथरते. अशा वेळी फवारणीच्या औषधाची बाटली किंवा डबा पशुवैद्यांना दाखवावा. उतारा कोणता द्यायचा ते त्यावरून ठरते. याच्या उलट मण्यार आणि नाग यांच्या विषाने संदेश स्नायूपर्यंत पोहोचतच नाही. पापण्या मिटू लागतात, अंग सैल पडते, श्वास मंदावतो. मण्यार रात्री चावते आणि तिच्या दाताची खूणही पुष्कळदा दिसत नाही. पावसाळ्याच्या दिवसांत सकाळी लुळे पडलेले जनावर आढळले, तर ही शक्यता ध्यानात ठेवा.

कोंबड्यांच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी बाळगा. फेब्रुवारी २०२२ मध्ये शहापूर तालुक्यातील वेहळोली येथे सुमारे शंभर पक्षी अचानक मेले. तपासात बर्ड फ्लू निघाला आणि एक किलोमीटरच्या परिसरातील हजारो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. या रोगात मान पिळवटलेल्या, तोल गेलेल्या कोंबड्या दिसू शकतात. मेलेली कोंबडी मांजरापुढे टाकणे हा आपल्याकडचा सर्रास प्रकार. पण डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले, ते याच रोगाने. अमेरिकेतही २०२४ साली बाधित गाईंचे कच्चे दूध प्यायलेली गोठ्यातली मांजरे आंधळी झाली, गोल फिरू लागली आणि मेली. म्हणून पटापट मरणाऱ्या कोंबड्यांना हात न लावता तालुक्याच्या पशुसंवर्धन खात्याला कळवा.

अंगणातली प्रयोगशाळा

तुम्ही म्हणाल, हे सारे ओळखणे डॉक्टरांचे काम; आम्ही काय करणार? पशुवैद्यांच्या गावभेटीत जनावर पाच-दहा मिनिटेच त्यांच्यासमोर असते. तुमच्यासमोर ते दिवसभर असते. १९६२ या क्रमांकावर फोन केलात, की पहिला प्रश्न येईल : ‘कधीपासून आणि कसे?’ त्याचे उत्तर तुमच्या वहीत असावे.

वहीत चार रकाने आखा : वेळ, काय खाल्ले-प्यायले, काय दिसले, काय उपाय केला. ‘फार वेळ फिट आली’ असे लिहू नका. घाबरलेल्या माणसाला एक मिनिटही दहा मिनिटांसारखे वाटते. म्हणून घड्याळ पाहा. श्वास लांबूनच मोजा, आणि पूर्ण मिनिटभर मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणले, तर एका श्वासाची चूक चार श्वासांची होते. कोणत्या बाजूला झुकते, कोणता पाय आधी गेला, पुढचे की मागचे, हे लिहा. आठवड्यापूर्वी काय काय झाले, तेही लिहा : जखम, फवारणी, नवे खाद्य, भटक्या कुत्र्याशी मारामारी.

आता एक सोपा प्रयोग. जनावर चावरे वा लाळ गाळणारे नसेल, तर त्याच्या रोजच्या वाटेवर चुलीची चाळलेली, थंड राख दोन-तीन मीटर पसरा आणि दूर उभे राहा. पाऊल उचलून टाकले असेल, तर ठसा स्वच्छ उमटतो. नखे घासत गेली असतील, तर ठशापुढे रेघ उमटते. एकाच पायाच्या दोन ठशांतील अंतर पट्टीने मोजा. रोज त्याच वेळी हेच करा. अंतर वाढत गेले आणि रेघा आखूड झाल्या, तर जनावर सुधारत आहे. उलट झाले, तर बिघडत आहे. ‘बरे वाटते’ या अंदाजापेक्षा हे सेंटीमीटर अधिक खरे बोलतात.

शुश्रूषा

कारण सापडो वा न सापडो, पुढील गोष्टी करता येतात :

१. जनावर शांत, सावलीच्या जागी ठेवा. विहीर, पायऱ्या, चूल यांपासून दूर. रेबीजची शंका असेल तर खोलीत कोंडा आणि कुणालाही जवळ जाऊ देऊ नका.

२. बळजबरीने पाणी, दूध किंवा तेल घशात ओतू नका. गिळण्याचे स्नायू दुबळे असले, तर ते फुफ्फुसात उतरते आणि मूळ रोगाने न मेलेले जनावर त्याने मरते.

३. फिट आली असता तोंडात चमचा घालू नका, कांदा किंवा चप्पल हुंगवू नका. आजूबाजूच्या वस्तू दूर करा आणि वेळ नोंदवा. फिट पाच मिनिटांहून लांबली, तर ताबडतोब मदत मिळवा.

४. लुळ्या जनावराखाली पेंढ्याचा जाड थर घाला आणि दर काही तासांनी कूस बदला. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. कठीण जमिनीवर सारा भार हाडाच्या उंचवट्यावर येतो आणि तेथे जखम होते. पेंढ्यावर तो पसरतो.

५. घरातल्या गोळ्या देऊ नका. माणसाचा ताप उतरवणारी पॅरासिटामॉलची गोळी मांजराचा जीव घेते. कुत्र्याच्या अंगावरील गोचिडांची काही औषधेही मांजराला विषारी असतात.

६. डाग देऊ नका. तापल्या सळईने मज्जातंतू दुरुस्त होत नाही. आधीच्या दुःखात भाजल्याची भर पडते.

हे सारे करूनही काही जनावरे वाचत नाहीत. अशा वेळी ते ओढ्यात किंवा रानात टाकू नका. पशुवैद्यांना कळवा, तपासणीने कारण समजले, तर बाकीची जनावरे आणि घरची माणसे वाचू शकतात. पुरायचे झाले तर हातमोजे घालून, खोल पुरा.

एक गोष्ट मात्र आजारापूर्वीच करता येते. रेबीज आणि डिस्टेंपर या दोन्हींवर कुत्र्यांसाठी लस आहे. २०१८ साली गुजरातमधील गीरच्या जंगलात वीसहून अधिक सिंह काही आठवड्यांत मेले, आणि पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेला त्यांच्यात डिस्टेंपरचा विषाणू सापडला. शहापूरला तानसाचे अभयारण्य लागून आहे, मुरबाडच्या माथ्यावर माळशेजचे जंगल आहे आणि दोन्हीकडे बिबटे आहेत. बिबट्या गावातला कुत्रा उचलतो, हे तुम्हांला ठाऊकच आहे. म्हणजे तुमच्या ओटीवरच्या कुत्र्याला टोचलेली एक सुई तुम्हांला, कुत्र्याला आणि रानातल्या बिबट्यालाही उपयोगी पडते.

करून पाहा : १) तुमच्या वाडीतील किती कुत्र्यांना गेल्या वर्षभरात रेबीजची लस दिली आहे, ते मोठ्या माणसांबरोबर घरोघर विचारून शेकडेवारी काढा. २) तुमच्या निरोगी कुत्र्याचा किंवा शेळीचा दर मिनिटाचा श्वास आणि राखेवरील पावलांचे अंतर आजच मोजून वहीत लिहून ठेवा. निरोगी असतानाचे आकडे हाताशी नसतील, तर आजारपणातले आकडे कशाशी ताडून पाहणार?